जर्मनीत घरखर्च: वर्षातून एकदा येणारं पाकीट

पुण्या-मुंबईहून जर्मनीत आलेलं कुटुंब पहिल्या तीन-चार महिन्यांत घरखर्चाची घडी बसवतं. डाळ-तांदूळ आशियाई दुकानातून मोठ्या पिशवीत, पीठ तुर्की दुकानातून, भाजी शनिवारी बाजार उठायच्या वेळी, दूध-बटाटे आल्डी नाहीतर लिडलमधून. प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट आणि बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट परत मिळतात, हे तर मुलांनाही पाठ होतं. मग एक दिवस टपालपेटीत जाडजूड पाकीट पडतं. आत चार-पाच पानं नुसते आकडे आणि शेवटी एक ओळ: ३० दिवसांत ७८० युरो भरा.

या कागदाचं नाव नेबेनकोस्टेन-आबरेखनुंग, म्हणजे भाड्यावरच्या इतर खर्चांचा वार्षिक हिशेब. मॅक्स म्युलर भवनातून जर्मन भाषेची बी-वन पातळी करून आलेल्यांनाही तो पहिल्या वाचनात कळत नाही, आणि भाजीबाजारात वर्षभर वाचवलेलं सगळं तो एका दिवसात गिळतो. म्हणून काटकसर शिकायची तर सुरुवात इथून करावी.

भाड्याचे दोन भाग असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यावर नेबेनकोस्टेन, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा वगैरे. दोन्ही मिळून वार्ममीटे. आपल्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स भरला की विषय संपतो. इथे मात्र दरमहा जे भरता तो फक्त अंदाज असतो आणि खरा हिशेब वर्ष संपल्यावर होतो. समजा दरमहा २५० भरले, वर्षाचे ३००० झाले आणि खरा खर्च ३७८० निघाला, तर ७८० युरो एकरकमी द्यायचे. शिवाय या हिशेबावरून मालक पुढचा हप्ता वाढवू शकतो: ७८० भागिले १२, म्हणजे दरमहा ६५ युरो जास्त. एकाच पाकिटातून हे दोन्ही फटके बसतात, आणि दुसरा बहुतेक जण विसरतात.

नव्या माणसाची खरी फसगत तारखांमुळे होते. हिशेबाचं वर्ष संपल्यावर पाकीट पाठवायला मालकाला १२ महिने मिळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये राहायला आलात, तर त्या वर्षाचं बिल डिसेंबर २०२५ च्या शेवटीही येऊ शकतं. तोवर दुसरा हिवाळा सुरू झालेला असतो आणि पहिल्यात किती जाळलं याचा पत्ता नसतो. मात्र १२ महिने उलटून गेल्यावर, उशिराला मालक जबाबदार असेल तर, त्याला जादा पैसे मागता येत नाहीत. तुमचे पैसे परत येणं असेल, तर ते तेव्हाही मागता येतात. म्हणून पाकीट कोणत्या दिवशी हातात पडलं ती तारीख त्यावरच लिहून ठेवावी.

शरद ऋतूत घर घेणाऱ्यांसाठी आणखी एक मेख आहे. मधल्या रीडिंगची नोंद नसेल, तर हीटिंगचा खर्च महिन्यांच्या संख्येने वाटत नाहीत, थंडीच्या प्रमाणात वाटतात. वर्षाचे १००० भाग धरले तर जानेवारीला १७०, फेब्रुवारीला १५०, मार्चला १३०, एप्रिलला ८०, मेला ४०, जून-जुलै-ऑगस्ट या तिघांना मिळून ४०, सप्टेंबरला ३०, ऑक्टोबरला ८०, नोव्हेंबरला १२० आणि डिसेंबरला १६०. सप्टेंबर ते डिसेंबर राहिलात तर हप्ते भरले एक तृतीयांश वर्षाचे, पण वाट्याला आले १००० पैकी ३९० भाग. त्यामुळे घराची किल्ली घेतानाच प्रत्येक रेडिएटरवरच्या छोट्या यंत्राचा आकडा, गरम आणि थंड पाण्याचं मीटर, विजेचं मीटर असं सगळं हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्यावं आणि फोटो काढावेत. या कामाला दहा मिनिटं पुरतात.

पाकीट आलं की भरण्याआधी काय बघायचं? आधी क्षेत्रफळ: करारातले चौरस मीटर आणि बिलातले एकच आहेत का. मग हिशेबाचा काळ. मग घुसडलेल्या रकमा: दुरुस्ती, मालकाचा व्यवस्थापन खर्च आणि बँकेचं शुल्क भाडेकरूकडून घेता येत नाही. केबल टीव्हीचा वर्गणीखर्चही १ जुलै २०२४ पासून यात टाकता येत नाही, तरी जुन्या सवयीने तो येतो. गॅस किंवा तेलावरचं हीटिंग असेल तर २०२३ पासून कार्बन-कराचा काही वाटा मालकाने उचलायचा असतो. तो हिशेबात दाखवलाच नसेल, तर हीटिंगच्या तुमच्या वाट्यातून ३ टक्के कापायचा हक्क तुम्हाला आहे. मूळ पावत्या बघायला मागता येतात आणि हरकत घ्यायला तुम्हालाही १२ महिने आहेत. शंका असेल तर पैसे भरताना ‘उंटर फोरबेहाल्ट’ असं लिहावं, म्हणजे हक्क राखून भरले. जर्मन कायद्याची भाषा आपल्या आवाक्यातली नाही. त्यासाठी शहरातल्या भाडेकरू संघाचं, म्हणजे मीटरफेराइनचं, सभासद व्हावं. साधारण शंभर युरोच्या आतबाहेर वर्गणीत तिथले वकील बिल तपासून देतात.

आता हीटिंग. आपल्या लोकांची पहिली चूक म्हणजे स्वेटर घालून बसायचं आणि रेडिएटर बंदच ठेवायचा. हीटिंगच्या खर्चापैकी ५० ते ७० टक्के वापरावर आणि उरलेला क्षेत्रफळावर आकारला जातो, म्हणजे बंद ठेवला तरी तीस ते पन्नास टक्के भाग भरावाच लागतो. वर गार भिंतीवर बुरशी येते. कुकरच्या शिट्ट्या, उकळती डाळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि घरात चार माणसं, ही सगळी वाफ बाहेरच्या बाजूच्या सर्वांत गार कोपऱ्यात जाऊन बसते. बुरशी बहुतेक वेळा कपाटामागे सापडते. भिंत खरवडून रंगवायचा खर्च मालक तुमच्यावर ढकलायला बघतो.

रेडिएटरच्या मुठीवरचे आकडे हे आचेचे नसतात, तापमानाचे असतात. १ म्हणजे साधारण १२ अंश, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४. पाचवर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त २८ अंशांपर्यंत तापत राहते. बसायच्या खोलीत ३, निजायच्या खोलीत २ पुरतात. एक अंश कमी ठेवला तर हीटिंगची ऊर्जा सुमारे ६ टक्के वाचते. मूठ पडद्यामागे किंवा सोफ्यामागे दडली असेल तर तिथली कोंडलेली ऊब तिला कळते, ती लवकर बंद होते आणि खोली गारच राहते. रेडिएटरचा वरचा भाग गार आणि आतून गुळगुळ आवाज, म्हणजे आत हवा अडकली आहे. एक-दोन युरोच्या चौकोनी चावीने बाजूचा स्क्रू थोडा सैल करायचा, खाली वाटी धरायची, फुसफुस थांबून पाणी आलं की लगेच बंद. तेवढ्यानेही भागलं नाही तर वारंवार उघडत बसू नका, त्याने इमारतीच्या यंत्रणेचा दाब घसरतो. हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, सांगा.

हवा बदलायची तर दिवसातून दोन-तीनदा, रेडिएटर बंद करून, खिडक्या सताड उघडून, ५ ते १० मिनिटं. खिडकी दिवसभर वरून तिरकी उघडी ठेवली तर हवा फारशी बदलत नाही, चौकटीभोवतीची भिंत मात्र गार पडते आणि नेमकी तिथेच बुरशी धरते. दहा-पंधरा युरोचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र, घ्यावा. आकडा ४० ते ६० टक्क्यांत राहिला पाहिजे. बाहेरच्या भिंतीपासून कपाट ५ ते १० सेंटिमीटर पुढे. थंडीच्या मोसमात, साधारण १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, हीटिंग बंद पडलं तर स्वतः कारागीर बोलावू नये. मालकाला त्याच दिवशी लेखी कळवावं, कारण परस्पर बोलावलेल्या कारागिराचं बिल बहुधा आपल्याच गळ्यात पडतं.

वीज हा वेगळा करार आणि वेगळं वार्षिक बिल. घर बघताना न्हाणीघरात भिंतीवर पांढरा डबा आहे का ते पाहावं. असेल तर तो दुर्खलाउफएरहित्सर, म्हणजे विजेवर तत्काळ पाणी तापवणारं यंत्र, आणि गरम पाण्याचा सगळा खर्च विजेच्या बिलात येणार. २१ किलोवॅटचं यंत्र पूर्ण ताकदीने दहा मिनिटं चाललं तर साडेतीन युनिट जातात. ३५ सेंट दराने एका अंघोळीचे सव्वा युरो. चार माणसांच्या रोजच्या लांब अंघोळी महिन्याला दीडशेच्या घरात जातात. तापमान ठरवता येत असेल तर ३८-४० वर ठेवावं. ६० वर ठेवून त्यात गार पाणी मिसळण्यात काही अर्थ नाही. पाणी वाचवणारं शॉवरचं तोंड बसवायची घाई करू नका. जुन्या पद्धतीच्या डब्याला ठरावीक प्रवाह लागतो, तो कमी पडला की यंत्र सुरूच होत नाही आणि डोक्यावर बर्फासारखं पाणी येतं. पुरवठादार निवडला नाही तर आपोआप स्थानिक मूळ पुरवठादाराच्या, बहुधा महागड्या दरात पडता. त्यातून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. जून २०२५ पासून मागील तारखेने नोंदणी होत नाही, म्हणून नवा करार राहायला जाण्याआधीच करावा.

बरीच घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. सिंक नाही, ओटा नाही, छतातून दोन वायरी लोंबतात. आधीच्या भाडेकरूचं किचन विकत घेतलंत तर वस्तूंची यादी करून सही घ्या, कारण घर सोडताना ते काढून न्यायची जबाबदारी तुमची असते. जुनं किचन फुकट मिळालं तरी उकलून न्यावं लागतं, आणि ओट्याची फळी दुसऱ्या घराच्या मापाची असते, ती बहुतेक नवीच घ्यावी लागते. विजेची शेगडी ४०० व्होल्टच्या जोडणीची असेल तर ती इलेक्ट्रिशियननेच जोडावी. या सगळ्यात डिपॉझिटची भर पडते. ते जास्तीत जास्त तीन काल्टमीट्यांइतकं असतं आणि कायद्याने तीन मासिक हप्त्यांत देता येतं. मालक हे आपणहून सांगेलच असं नाही.

किल्ली हरवणं हा इथला सर्वांत महागडा विसराळूपणा. इमारतीच्या सामाईक कुलूपयंत्रणेची किल्ली असेल तर सगळी कुलुपं बदलायचा खर्च हजारो युरोंत जातो. यंत्रणा प्रत्यक्ष बदलली नाही तर मालक ते पैसे मागू शकत नाही, असा सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. यासाठी कुटुंबाचा हाफ्टफ्लिख्ट विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, हवाच. वर्षाला साधारण ५० ते १०० युरो लागतात. घेताना तीन गोष्टी बघा: किल्ली हरवण्याचं संरक्षण, भाड्याच्या घरातलं नुकसान, आणि सात वर्षांखालच्या मुलांनी केलेलं नुकसान. कायद्याने एवढ्या लहान मुलांवर भरपाईची जबाबदारी येत नाही, त्यामुळे ते कलम वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर शेजाऱ्याचा टीव्ही फुटूनही विमा हात वर करतो. काचेच्या शेगडीवर कुकर आपटला तर? बऱ्याच पॉलिसींत काच आणि विजेची उपकरणं वगळलेली असतात. ओढलं की दार आपोआप बंद होतं आणि बाहेरून मूठ फिरत नाही, म्हणून एक जादा किल्ली ओळखीच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. इंटरनेटवर पहिला दिसणारा कुलूपवाला बोलावला तर दोन मिनिटांच्या कामाचे कित्येक शेकडे मागणारे भेटतात. फोनवरच एकूण किंमत ठरवा, आणि दारात दमदाटी झाली तर ११० वर पोलिसांना बोलवा.

पैसे बाजूला काढण्याचा हिशेब साधा आहे. रेडिओ-टीव्हीचं शुल्क महिन्याला १८.३६ म्हणजे वर्षाला २२०.३२ युरो. घरात टीव्ही नसला तरी ते घरामागे एकदा द्यावंच लागतं. नवरा-बायको दोघांच्या नावाने पत्रं आली तर एकाचा वर्गणी-क्रमांक कळवून दुसरं खातं बंद करावं, नाहीतर दोनदा कापतात. हे २२०, विमा ९०, भाडेकरू संघ ९०, मुलांचे हिवाळी बूट आणि शाळेची सहल ३००, गेल्या पाकिटाचे ७८०. बेरीज १४८०, दरमहा सुमारे १२४ युरो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ही रक्कम आपोआप वेगळ्या बचत खात्यात जाईल अशी सूचना बँकेला द्यावी. पहिलं पाकीट येईपर्यंत आकडा माहीत नसतो, तेव्हा एक महिन्याच्या काल्टमीट्याइतकं धरून चालावं. किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज लांबवू नका: २०२६ मध्ये ते मुलामागे दरमहा २५९ युरो आहे, पण मागचं फक्त सहा महिन्यांचंच मिळतं.

तरीही हात आखडला तर गप्प बसू नये. खातं उणे गेलं तर बँका दहा टक्क्यांहून जास्त व्याज सहज लावतात. त्यापेक्षा त्या ३० दिवसांतच मालकाला पत्र लिहावं: रक्कम मान्य आहे, सहा हप्त्यांत १३० प्रमाणे देतो, पहिला अमुक तारखेला. हप्ते देणं त्याच्यावर बंधनकारक नाही, पण तारीख आणि आकडा ठरवून मागितलेलं बरेच मालक मान्य करतात.

आणि त्या पाकिटाची शेवटची पानं जपून ठेवा. जिन्याची सफाई, हाउसमाइस्टर, बागकाम, लिफ्टची देखभाल, धुराड्याची सफाई यांच्या मजुरीचा तुमचा वाटा तिथे असतो. आयकर विवरणात त्याच्या २० टक्के रक्कम थेट करातून वजा होते. ३५० युरोंचा वाटा असेल तर ७० युरो. विवरण भरणं बंधनकारक नसेल तर चार वर्षं मागचंही भरता येतं, म्हणजे २०२२ चं २०२६ च्या ३१ डिसेंबरपर्यंत.