पीस राखणारा दगड

म्युनिकहून आइश्टेटला जाणार असाल तर आधीच सांगते, आइश्टेटचं मोठं स्टेशन गावात नाही. तिथं उतरून छोट्या गाडीत बसायचं, ती आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यातून गावात सोडते. सोबतीला म्युनिकमध्ये शिकणारा भाचा होता. मावशीला किल्ला बघायचाय अशी त्याची समजूत. मला बघायचं होतं ते त्या किल्ल्यातलं दीडशे दशलक्ष वर्षांपूर्वीचं पाखरू.

विलिबाल्ड्सबुर्ग किल्ला गावाच्या डोक्यावरच आहे. सिंहगड चढलेल्यांना ही चढण म्हणजे काहीच नाही. आत युरा म्युझियम, आणि तिथं आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचा, आजवर मिळालेल्या सगळ्यांत लहानांपैकी एक नमुना.

"मावशी, यात पिसं कुठायत?" भाच्यानं काचेला नाक लावून विचारलं.

प्रश्न रास्त होता. पुस्तकांत छापतात तो पंख पसरलेला नमुना बर्लिनचा. इथला फिक्या दगडावर तपकिरी हाडांचा, मान पाठीकडे वळलेली, कवटी मात्र सुरेख टिकलेली. पिसांचे ठसे इतके पुसट की आधी माहीत असेल तरच नजर तिथं थांबते. १९५१ साली तो सापडला तेव्हा कोंबडीएवढ्या कॉम्प्सोग्नेथस डायनासोरचं हे पिल्लू असेल असंच समजले, आणि पुढची वीसेक वर्षं तो त्याच नावानं राहिला. हा आर्किऑप्टेरिक्स आहे हे कळायला १९७० चं दशक उजाडलं. जीवाश्मतज्ज्ञ पीटर वेल्नहोफर यांनी १९७४ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं.

मला तर पक्ष्यांच्या वंशावळीचा सगळ्यांत बोलका पुरावा हाच वाटतो. जबड्यात दात, हाताला सुटी तीन बोटं आणि त्यांना नख्या, मागे मणक्यांची लांब शेपटी. पिसं नजरेआड झाली की जाणकारालाही डायनासोरच दिसतो!

पक्षी आणि डायनासोरांचं हे नातं १९ व्या शतकात इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलेनं मांडलं होतं. पण पुढे गेरहार्ड हाइलमान या डॅनिश चित्रकारानं पक्ष्यांच्या उगमावर अभ्यास केला, स्वतः अप्रतिम चित्रं काढली आणि १९२६ च्या ग्रंथात निर्णय दिला: डायनासोरांना गळ्याखालची हाडं नाहीत, पक्ष्यांना आहेत, म्हणजे पक्षी त्यांच्यातून आलेले नसणार. चित्रं इतकी पटणारी की काही दशकं तेच चाललं. ती हाडं नंतर सापडली, अगदी टायरॅनोसॉरसमध्येसुद्धा. जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी डायनोनिकस या डायनासोरच्या आधारे जुना मुद्दा पुन्हा उभा केला आणि १९९६ मध्ये चीनमधून अंगावर लव असलेला सायनोसॉरॉप्टेरिक्स हा डायनासोर पुढे आला. मग वाद फारसा उरला नाही.

याच म्युझियममधला ज्युराव्हेनेटर हा डायनासोर चुकवू नका. त्याच्या शेपटीवर खवल्यांचे ठसे आहेत आणि अतिनील प्रकाशात तंतूंच्याही खुणा दिसल्या. खवले गेले आणि पिसं आली, इतकं सरळ ते प्रकरण नाही.

पुढे झोल्नहोफेन हे गाव. इथल्या जुन्या घरांच्या छपरांवर कौलांऐवजी चुनखडीच्या पातळ लाद्या. त्या पाखराच्या काळी इथल्या उथळ, खारट खाजणात चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला. तळाशी प्राणवायू जवळजवळ नव्हता, त्यामुळे मेलेलं जे पडलं ते विस्कटलं नाही. कण इतका बारीक की १८६१ मध्ये हेर्मान फोन मायर या जर्मन जीवाश्मतज्ज्ञाला एकट्या पिसाचा ठसा मिळाला, त्यातली दांडी आणि दोन्ही बाजूंची पाती साफ दिसतात. एक बाजू अरुंद, एक रुंद. कावळ्याचं गळलेलं पंखातलं पीस उचलून बघा, तसंच. मायरनं ठेवलेलं नाव 'आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका', कारण झेनेफेल्डरनं शोधलेल्या शिळाछपाईला हाच दगड लागे. आपल्याकडच्या शिळाछाप पोथ्या आठवल्या, आणि मळवलीचा रविवर्मा प्रेसही. त्या छापखान्याचे दगडही जर्मनीतूनच आले होते. चित्रकाराची बारीक रेघ धरणारा आणि पिसाची रेघ राखणारा दगड एकच, याची मला भारी गंमत वाटली.

परतताना ब्लूमेनबर्गच्या खाणीत गेलो. पैसे भरले की छिन्नी-हातोडा भाड्यानं मिळतो. लादी उभी धरून कडेवर हलके ठोके दिले की पापुद्रा सुटतो. भाच्याला लगेच 'नेचे' सापडलं! ते नेचं नव्हतं, फटीत झिरपलेल्या मँगनीज आणि लोहाच्या खनिजांची नक्षी होती. त्यानं ती लादी तरी पिशवीत टाकलीच. मला मिळाले सॅकोकोमा, कोळ्यासारखे दिसणारे इवलेसे सागरी जीव, इथं पैशाला पासरी. बर्लिनचा तो प्रसिद्ध नमुना याच परिसरातला. ज्या शेतकऱ्याला तो मिळाला त्यानं गाय घेण्यासाठी विकला असं सांगतात. नंतर उद्योगपती व्हेर्नर फोन सीमेन्सच्या पैशांतून बर्लिननं तो घेतला तेव्हा किंमत होती २०,००० मार्क. हे ऐकल्यावर भाच्यानं आणखी तासभर ठोकाठोक केली आणि आमची परतीची गाडी चुकली.