खरारा

आमच्या कुत्रीचं नाव कुंदा. भट्टीवरून नुकत्याच उतरलेल्या कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, जो रंग असतो, नेमका तो तिचा. बेळगावात राहून दुसरं नाव सुचणं कठीणच होतं. अडचण एवढीच झाली की आईच्या थोरल्या बहिणीचं नावही कुंदाच, आणि मावशी शहापुरात, आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. ती आली की आम्ही कुत्रीला नुसतं 'ए' म्हणतो. कुत्री येत नाही, मावशीच वळून बघते.

कुंदा अर्धी पॉमेरेनियन आणि अर्धी आमच्याच गल्लीतली. अंगावर केस मात्र पूर्ण पॉमेरेनियनचे. वर लांब राठ केस आणि त्याखाली कापसासारखी दाट लव. उन्हाळ्यात हे प्रकरण निभावतं. पण इथला पाऊस जूनमध्ये एकदा बसला की गणपतीपर्यंत घरातली टॉवेलसुद्धा वाळत नाहीत, तिथं कुत्र्याची आतली लव कुठून वाळणार? वरून कोरडी दिसते, बोट आत घातलं की ओल लागते. त्या ओलीत वास धरतो, बुरशी धरते, आणि केसांचे गोळे होतात. कानामागं, बगलेत, मांड्यांच्या मागं.

आईनं एकदा कानामागचा असा गोळा चाचपला आणि म्हणाली, "जट आली की गा हिला! घेऊन जा आता सौंदत्तीला."

आम्ही हसलो. पण आमच्या जिल्ह्यात हा विनोद तसा हलका नाही. पोरीच्या केसात गुंता झाला, तो धरून बसला, की सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचं बोलावणं आलं असं समजायची रीत होती. मग त्याला कात्री लागायची नाही, आणि जट घेऊन पोर देवीला सोडली जायची. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात कायद्यानं बंदी आली ती १९८२ साली. आईनं तिच्या लहानपणी अशा बायका जवळून पाहिल्यात. ती जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "येळेवर कुणी फणी फिरवली असती तर..." आणि उठून आत गेली.

कुंदाच्या जटेला निदान कात्री लागणार होती. टिळकवाडीत कुत्र्या-मांजरांचं एक पार्लर आहे, तिथं घेऊन गेलो. हे आमचं दुसरं पार्लर. पहिल्या ठिकाणी, मागच्या उन्हाळ्यात, "गरम होत असंल बघा तिला" म्हणून सगळ्या अंगावर झिरो मशीन फिरवून दिली होती. घरी आणली तर शेजारच्यांनी नवी कुत्री पाळली का म्हणून विचारलं. नंतर समजलं की ही दुहेरी केसाची जात कधी भादरायची नसते. आपण छपरावर शाकारणी करतो तसे ते वरचे केस असतात, ऊनही अडवतात नि पाणीही. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पावलांच्या तळव्यांतून, बाकीची उष्णता ते धापा टाकून बाहेर टाकतं. पाठ उघडी केली की गारवा येत नाही, कातडी भाजते. केस परत आले तेही ठिगळं लावल्यासारखे.

या नव्या पार्लरमधला मुलगा गोकाककडचा. माझ्याशी मराठीत बोलतो, पण कुत्र्यांशी फक्त कन्नडमध्ये. पहिल्या दिवशी आई सोबत होती. त्यानं कुंदाला टेबलावर घेतलं आणि गोड आवाजात म्हणाला, "बा मरी, बा. कूतको मरी."

आईचा चेहरा उतरला. "मरी काय म्हणतोय गा ह्यो? चांगल्या जिवाला!"

तिला बाजूला घेऊन सांगितलं की तो 'ये पिल्ला, बस' म्हणतोय, कानडीत मरी म्हणजे पिल्लू, बाळ. तिनं मान हलवली, पण मरीआईचा विषय डोक्यातून गेला नसावा. अंगारा लावलेला कागद तिनं पर्समधून काढून कुंदाच्या पट्ट्यात खोचला तो खोचलाच. उभा जन्म या दोन भाषांच्या बांधावर काढलेल्या बाईची ही गत.

मी समजत होतो की पार्लर म्हणजे अंघोळ. या मुलानं अर्धा तास पाण्याला हातच लावला नाही. आधी फणी. बोटांनी गुंता चिमटीत धरायचा, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून मुळाकडे सोडवत जायचं. सुटत नाही तो कापायचा. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो, सुंभाच्या गाठीसारखा, म्हणून अंघोळ नंतर. आम्ही घरी बरोबर उलटं करत होतो, आणि तेसुद्धा आमच्याच शाम्पूनं. माणसाची कातडी आम्लाकडे झुकलेली, कुत्र्याची तेवढी नाही. आपला शाम्पू तिला कोरडं पाडतो आणि मग ती रात्रभर खाजवते. आम्ही तिला पिसवा झाल्यात म्हणून पुन्हा त्याच शाम्पूनं धुवायचो.

मग मोठा ब्लोअर. त्याच्या वाऱ्यानं केस दुभंगून गुलाबी कातडी दिसेपर्यंत तो थांबला नाही. खाली पडलेली लव घमेलंभर झाली. आई म्हणाली, "ह्यात एक उशी हुईल." तिचं आजोळ-माहेर सगळं निपाणीकडचं. तिकडं धनगर वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात, लोकर घेतात, घोंगडी होते. आम्ही बाराशे रुपये देऊन लोकर तिथंच टाकून आलो. हा व्यवहार तिला अजून पटलेला नाही.

नखांच्या वेळी मात्र तो मुलगाही गप्प झाला. कुत्र्याच्या नखात आत रक्ताची शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, तिच्या अलीकडे कापलं की झालं. कुंदाची नखं काळी. तिथं अंदाजानं, तांदळाएवढं तांदळाएवढंच तासत जायचं. शहाबादी फरशीवरून चालताना टकटक आवाज येऊ लागला की नखं वाढली असं समजायचं, हे त्यानं सांगितलं. आमच्या घरी तो आवाज कित्येक महिने येत होता आणि आम्हाला तो तिचा ऐटबाजपणा वाटत होता.

याच वेळी त्याला पुढच्या डाव्या पंजात, दोन बोटांच्या बेचक्यात, सूज लागली. चिमट्यानं त्यानं काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कुसळ. खानापूरकडच्या माळावर आम्ही तिला दिवाळीनंतर मोकळी सोडली होती, तिथलं. महिनाभर ती तो पंजा चाटत होती, आणि आम्ही "सवय लागली हिला" म्हणत होतो. आमचे डोळे त्या महिन्यात कुठं होते कोण जाणे. मुसळाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, मी पुन्हा सांगत नाही.

परत येताना आई रिक्षात म्हणाली, "तुझा आज्जा असंच करायचा."

आजोबांकडे दोन बैल होते. बेंदूर जवळ आला, म्हणजे ज्येष्ठाच्या पुनवेचा आमचा कर्नाटकी बेंदूर, की बैल ओढ्यावर जायचे, शिंगं तासून हिंगूळ लागायचा, हे मीही पाहिलंय. पण आई सांगत होती ते रोजचं. संध्याकाळी दावणीला आले की आजोबा पेंढ्याचा बोळा घेऊन खरारा करायचे. मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाखाली, खुरांच्या फटीत. गोचीड तिथंच सापडायचा, जूनं मानेवर आलेली सूज तिथंच कळायची, कुठं काटा मोडला तेही. घरात डॉक्टर नव्हता, हा हात होता. कुत्रं मात्र तेव्हा उंबऱ्याबाहेर असायचं. त्याला कुणी खरारा केल्याचं आईला आठवत नाही. भाकरीचा तुकडा मिळायचा, हात फिरत नसे.

मांजरांचं सगळंच वेगळं. आमच्या मनीला पार्लर लागत नाही, तिची फणी तिच्या तोंडातच. मांजराच्या जिभेवर मागं वळलेले बारीक आकडे असतात, आणि त्यांची टोकं पन्हळीसारखी पोकळ असतात. त्यातून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते, हे २०१८ साली अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी दाखवलं. पण हिंदवाडीत माझ्या भाचीनं पर्शियन मांजर आणलंय, त्याच्या केसांपुढे ही जीभ हरते. ते रोज विंचरावं लागतं, नाहीतर गिळलेल्या केसांचा गोळा पहाटे गादीवर मिळतो. आणि जे अंगाला लावाल ते मांजर चाटून पोटात घेणार. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला लावलं तर ते जिवावर बेततं. भाचीला मी हे तीनदा सांगितलंय.

आता खरारा आम्ही घरीच करतो, एक दिवसाआड, पडवीत. कुंदा पालथी पडून राहते. आई हळू आवाजात "बा मरी" म्हणते, माझं लक्ष नाही असं बघून. नखांना मात्र तोच मुलगा.

परवा मावशी आलेली. माझा फोन टेबलावर वाजला, तिनं उचलला. पलीकडून आवाज आला, "कुंदाची नखं वाढलीत न्हवं सर? कधी आणताय?"

मावशी जराही बिचकली नाही. फोन कानापासून लांब धरून मला म्हणाली, "इचार त्याला, पायाची पन कापतोय काय. दोन महिने झाले, वाकायलाच येत न्हाई मला."

मी नेलकटर आणि कोमट पाण्याची परात घेऊन आलो. नखं काळी नव्हती, त्यामुळे भीती नव्हती.