रंग मारायच्या आधी दांडा घासला तेव्हा

दारव्हा तालुक्यात रस्त्यालगत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. सोयाबीन घरात येऊन पडलं आणि कापसाच्या पऱ्हाटीत पहिली वेचणी तोंडावर आली की दुकानासमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कुणाचा फाळका वाकलेला असतो, कुणाचा पत्रा सडलेला. दिवाळीआधी रंग मात्र सगळ्यांनाच हवा असतो.

त्या दिवशी शेजारच्या गावचे एक काका सकाळीच आले. दोन चाकी ट्रॉली, तळ ठणठणीत, टायरही बरे.

"फक्त रंग मारून दे बाप्पा. उद्या सीतादही हाय, बायायले वावरात न्या लागते. सांजच्याले घेऊन जातो."

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात होणारी पूजा.

रंगाचं काम म्हटलं की निम्मा वेळ घासण्यात जातो, आणि तो गेलाच पाहिजे. गंजाच्या पापुद्र्यावर मारलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात पापुद्र्यासकट निघतो. त्यासाठी वायर ब्रश. लाकडी मुठीचा, पोलादी तारांच्या रांगा असलेला हातब्रश तर लागतोच. मोठ्या पत्र्यासाठी ग्राइंडरला लावायचा कप ब्रश. बॅटरीच्या टर्मिनलला पितळी तारांचा, कारण पितळ मऊ असतं आणि टर्मिनलला ओरखडे पडत नाहीत. स्टेनलेसच्या कामाचा ब्रश मी वेगळा खिळ्याला टांगून ठेवतो, त्यावर साधं लोखंड कुणाला घासू देत नाही. साध्या लोखंडाचे कण स्टेनलेसवर बसले की चार दिवसांत तिथे तांबूस डाग उठतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल खोटा दिला.

कप ब्रशचा मला धाक आहे. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. ब्रशवर जास्तीत जास्त वेग छापलेला असतो, तो ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्तच पाहिजे. तरीही तारा सुटतात. सुटलेली तार सुईसारखी येऊन कापडात, कातडीत, डोळ्यात घुसते. माझ्याकडचा पोरगा आयटीआय झालेला आहे, कामाला चपळ आहे, पण गॉगल लावल्याशिवाय त्याला बटण दाबायची परवानगी नाही.

तो गॉगल लावून डाला घासायला लागला. दांडा, म्हणजे ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणारा पुढचा लोखंडी भाग, मी माझ्याकडे घेतला, तोही हातब्रशने. दांडा आणि त्याच्या टोकाची, ट्रॅक्टरची पिन बसते ती कडी मी मशीनने कधी घासत नाही. फिरता ब्रश दाबून चालवला की लोखंडाचा वरचा थर पसरतो आणि बारीक चिरेचं तोंड बुजून जातं. वरून सगळं चकचकीत दिसतं, खालचं काहीच कळत नाही.

दांड्यावर ग्रीस आणि काळ्या मातीचा बोटभर थर होता. तो पत्र्याच्या तुकड्याने खरडला, डिझेलच्या फडक्याने पुसला आणि कडीमागच्या वेल्डिंगवर ब्रश धरला. निळा रंग निघाला, त्याखालचा लाल निघाला. वेल्डिंग संपतं त्या टोकाला केसाएवढी तांबूस रेघ दिसली. ब्रश मारला की पुसली जायची. दांड्यावर हातोडीने दोन टोले दिले की पुन्हा त्याच जागी गंजाची बारीक पूड बाहेर यायची. वरचा गंज एकदा घासला की संपतो. हा आतून येत होता.

मी काकांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं.

"काहून, गंजच तं हाय. रंग मारला का दिसणार नाही."

"काका, दिसणार नाही म्हणूनच थांबा म्हणतो. अर्धा तास द्या मले."

रेघेवर डिझेल सोडलं आणि ते मुरू दिलं. मग कोरड्या फडक्याने इतकं पुसलं की बोटाला ओल लागेना. त्यावर घरच्या पोराच्या दप्तरातला पांढरा खडू चोळला आणि दांड्यावर हलके टोले मारले. चिरेत शिरलेलं डिझेल खडूत चढायला लागलं. पांढऱ्यावर काळपट रेघ उमटत गेली, वेल्डिंगच्या टोकापासून दांड्याच्या लोखंडी चॅनेलच्या बाजूवर वळली आणि खालच्या अंगाला गेली. तीन बोटं लांब भरली. ही जुनी तपासणी आहे, रेल्वेच्या कारखान्यांतही रॉकेल आणि खडूच्या पुडीने व्हायची.

काका काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढून लावला आणि पुन्हा वाकले.

दोन चाकी ट्रॉलीचा पुढचा भार त्या कडीवरच येतो. रस्त्यातला प्रत्येक खड्डा दांडा थोडा वाकवतो आणि सोडतो. जिथे वेल्डिंग एकदम संपतं तिथे सगळा ताण गोळा होतो, आणि वर्षानुवर्षं असं झालं की लोखंड थकतं. चीर रोज थोडी पुढे सरकते. मग एक दिवस उतारावर दांडा तुटतो, तुटलेलं टोक डांबरात रुततं आणि ट्रॉली उलटते. माणसं बसवायला ट्रॉलीला परवानगी नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पण वेचणीच्या बायका त्यातच जातात. पाच-सहा किलोमीटरवरच्या वावरात सकाळी सातला पोचायला त्यांना दुसरं काय साधन आहे? मला त्या क्षणी फक्त त्या बायका दिसत होत्या.

"उद्या ट्रॉली भेटणार नाही," मी सांगितलं. काका थोडे रागावले, मग फोन काढून भाच्याला ऑटो आणायला सांगितलं.

काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. चीर जिथे संपते त्याच्या जरा पुढे 6 मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे ती तिथेच अडते. मग ग्राइंडरने पूर्ण चीर उकरून खाच केली, दांडा गॅसने गरम केला आणि तापवून कोरड्या ठेवलेल्या 7018 नंबरच्या वेल्डिंग रॉडने थरावर थर भरले. प्रत्येक थरानंतर हातोडीने स्लॅग, म्हणजे वेल्डिंगवर जमणारी खपली, उडवायचा आणि लोखंड चमकेपर्यंत ब्रश मारायचा. इथे कंटाळा करणारा वेल्डर मी कामाला ठेवत नाही. स्लॅगचा कण आत राहिला तर नवी चीर तिथूनच सुरू होते. शेवटी दोन्ही बाजूंना पट्टी जोडली आणि ट्रॅक्टरला बांधायची सेफ्टीची साखळी लावली. निळा रंग बाकी ट्रॉलीला दिला. वेल्डिंगवर फक्त रेड ऑक्साइडचा पातळ हात मारला, म्हणजे पुढे काही झालं तर नजरेला पडेल.

काकांनी ही गोष्ट बाजारात सांगितली असावी. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावच्या दोन ट्रॉल्या दांडा दाखवायला आल्या. एक निर्धोक निघाली, तिचे मी पैसे घेतले नाहीत. दुसरीच्या कडीचं भोक झिजून लांबट झालं होतं, पिन आत खडखडत होती. कडी बदला म्हणालो. कापसाचा चुकारा आला की येतो, असं सांगून मालक गेला. वेचणी आता जोरात आहे आणि ती ट्रॉली रोज माझ्या दुकानासमोरून जाते. कडी मी आणून ठेवली आहे. पैसे नंतर दिले तरी चालतील, हे सांगायला उद्या सकाळी त्याच्या घरी जातो आहे.