पांढरा की हिरवा?

आमच्या घरी बुरा म्हणजे शत्रू. पावसाळ्यात आई लोणच्याची बरणी उघडून आधी वास घ्यायची, मग उजेडाला धरून बघायची. पांढरा ठिपका दिसला की दिवसभर घुश्श्यात. अशा घरात वाढलेल्या माझ्यापुढे इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरातल्या घरमालकीणबाईंनी केळीच्या पानाची पुडी सोडली. आत सोयाबीनची वडी, नखशिखांत पांढऱ्या बुऱ्याने माखलेली. मी चेहरा सरळ ठेवला. बाईंनी पुडी माझ्या हातावर ठेवली आणि मी दचकलोच. ती कोमट होती! चूल तर केव्हाची विझलेली. बुरशी वाढताना स्वतःच ऊब सोडते, हे नंतर कळलं.

हे तेम्पे. जावा बेटाचं रोजचं खाणं. सोयाबीन भिजवायचं, उकडायचं, सालं काढायची (पूर्वी पायांनी तुडवून), निथळून गार करायचं आणि विरजण लावायचं. हे विरजण पूर्वी वारू नावाच्या झाडाच्या पानांवर धरत. पानाच्या लवेत बुरशीचे बीजाणू टिकून राहतात. आता पूड मिळते. दीड-दोन दिवसांत ऱ्हायझोपस नावाच्या बुरशीचे धागे दाणा दाण्याला शिवून टाकतात. सुरी लावली की केकसारखे काप पडतात.

सोयाबीन नुसतं उकडून खाल्लं तर पोटात गुडगुड ठरलेली. ती करणारी साखर भिजवण्या-उकडण्यात आणि आंबण्यात बरीच कमी होते. लोह आणि जस्त अंगी लागू न देणारं फायटिक आम्लही उतरतं. शंभर ग्रॅममध्ये १९-२० ग्रॅम प्रथिनं, शिवाय दाणा अख्खा असल्याने चोथाही. मांस न परवडणाऱ्या घरांना याने किती पिढ्या तारलं असेल!

पण गरिबाच्या ताटातलं म्हणून हेटाळणीही आलीच. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी देशवासीयांना ‘तेम्पे राष्ट्र’ होऊ नका असं बजावलं होतं, म्हणजे लेचंपेचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘सेरत चेंतिनी’ या जावानी ग्रंथातही आलेल्या पदार्थावर ही पाळी. गंमत म्हणजे आज तेम्पेचं बहुतेक सोयाबीन अमेरिकेतून येतं. तिकडे भाव चढला की जावातल्या गल्लीत वडी बारीक होते. आणि आपल्या लातूरकडे सोयाबीनचे ढीग लागतात, पण तेल काढून पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. असो.

मला खरं जिंकलं ते मेंदोआनने. पुर्वोकर्तो भागातला हा प्रकार. तेम्पेचा पातळ, रुंद काप, पातीचा कांदा घातलेल्या पिठात बुडवून अर्धाच तळायचा. मऊ, लिबलिबीत, वर कच्ची हिरवी मिरची चावायची. कुरकुरीत भज्यांवर वाढलेल्या माणसाला पहिला घास अर्धवट वाटतो. चौथ्या तुकड्याला तक्रार संपते.

शिळं तेम्पेही फेकत नाहीत. काळसर होऊन उग्र वास सुटलेला तुकडा ‘सांबल तुम्पांग’ या रश्श्यात मुद्दाम घालतात.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, आता ओरडा बसणार.

“बुरा पांढरा होता ना रे?” तिने विचारलं. “हिरवा नव्हता ना?”

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाई बाजारात पुडी निवडताना पाहिल्या. पानाची कड उचलून त्याही नेमकं तेच बघत होत्या.