साखर, साबण आणि रस्त्यावरची बाभूळ

२९ मार्च २०२०, रविवार

मंगळवारी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी कोरोनामुळे एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि भाषण संपते न संपते तोच आमच्या गावातल्या किराणा दुकानासमोर गर्दी उसळली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता, त्यामुळे थोडी लगबग स्वाभाविकच होती. परंतु ज्यांच्या कोठीत वर्षभराची ज्वारी आहे, ज्यांची तुरीची डाळ नुकतीच भरडून झाली आहे, अशी माणसेही पाच-पाच किलो साखर आणि चहापत्तीचे पुडे उचलत होती. दुकानदार मला म्हणाला, "गुरुजी, तुमीबी घेऊन ठेवा, मंग मले नोका सांगू."

दुकानात माल किती भरायचा, हे गाव रोज किती नेते यावर ठरते. मजुरीवर चालणारी घरे पावभर तेल, दहा-वीस रुपयांची साखर अशी रोजच्या रोज खरेदी करतात. सधन घरांनी एका रात्रीत महिन्याचे सामान नेले, की देशात तुटवडा नसतानाही फळ्या रिकाम्या होतात आणि त्या पाहून उरलेली घरे घाबरतात. अफवेवर विश्वास ठेवून सर्व ठेवीदारांनी एकदम पैसे काढले, तर धडधाकट बँकही बुडते, हे उदाहरण समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली दिले होते. या लोकांना मूर्ख म्हणणे मला पटत नाही, कारण शेजारी नेणारच असेल तर आपण का थांबावे, हा प्रत्येकाचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच असतो. फक्त त्याची किंमत त्या रात्री हातात पैसे नसलेल्याला मोजावी लागते. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची वार्ता पसरली तेव्हा टेट्रासायक्लिनच्या गोळ्या अशाच औषध दुकानांतून नाहीशा झाल्या होत्या.

सॅनिटायझरचे मला अधिक नवल वाटते. केंद्र सरकारने १३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर यांना जीवनावश्यक वस्तू ठरवले, नंतर २०० मिलीच्या बाटलीला शंभर रुपयांची मर्यादाही घातली, आणि त्या बाटलीसाठी गावातली मुले तालुक्याला खेटे घालून आली. त्याच वेळी दहा रुपयांचा साबण दुकानात पडून होता. या विषाणूचे आवरण स्निग्ध असते आणि वीस सेकंद नीट हात धुतले तर साध्या साबणानेही ते फुटते, हे मी अनेकांना समजावले. सर्वांनी मान डोलावली, पण समाधान कोणाचेच झाले नाही. जी वस्तू मिळत नाही तिच्यातच गुण असणार, असे मन धरून बसते. शिवाय बाटली एकदा विकत घेतली की काळजी मिटल्यासारखी वाटते, साबणाने मात्र दिवसातून दहादा तेच काम करावे लागते. (आमच्याकडे पाणीही विहिरीवरून आणावे लागते, हे शहरातून सल्ले देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.)

गावाच्या वेशीवर तरुणांनी बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला आहे. पुण्याहून परतलेल्या दोन मुलांना शाळेच्या खोलीत ठेवले, ते योग्यच झाले. परंतु राखण करणारे हेच तरुण संध्याकाळी पारावर खांद्याला खांदा लावून बसतात आणि खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, एकच पुडी सगळ्यांच्या हातांतून फिरते. पानठेले बंद असूनही ती कोठून येते, हे सर्वांना ठाऊक आहे. रोग परका माणूस आणतो आणि आपल्या माणसापासून काही होत नाही, अशी ही समजूत आहे, आणि ती बोलून दाखवली जात नसल्याने खोडताही येत नाही. मी पारावर जाणे बंद केले, तेव्हा "गुरुजींना कशाचा राग आला?" अशी विचारणा घरी आली.

आज दुकानदाराने एक चांगले केले. तेलाचा एक पिंप बाजूला काढून तो फक्त पावभर नेणाऱ्यांसाठी ठेवला आहे आणि साखर एका घराला एक किलोवर देणार नाही, असे खडूने दारावर लिहिले आहे. सकाळी त्यावरून दोघे भांडून गेले. दुपारपर्यंत मात्र गर्दी निम्म्याने ओसरली होती.