उजवा पाय पुढे

स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर व्हायचं तर बोर्ड झकास चालवता आला की झालं, अशी माझी समजूत होती. चार हिवाळे त्याच समजुतीत गेले. शनिवारी पहाटे कॅल्गरीहून गाडी काढायची, बॅन्फ गाठायचं, लिफ्ट बंद होईपर्यंत उतार उतरायचे आणि रात्री घरी येऊन वरणभात. मग कळलं की कॅनडातल्या स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टरांच्या संघटनेचा, म्हणजे कासीचा, पहिल्या पातळीचा कोर्स जेमतेम तीन दिवसांचा असतो आणि पंधरा वर्षांच्या पोरांनाही करता येतो. एकेचाळिसाव्या वर्षी मी नाव नोंदवलं.

कोर्स होता नॉर्क्वेला, बॅन्फ गावाच्या अगदी डोक्यावरच्या डोंगरावर. समोर कॅस्केड पर्वत, थंडी उणे अठरा. पहिला दिवस आमचं रायडिंग सुधारण्यात गेला. गुडघे वाकव, खांदे बोर्डाच्या रेषेत ठेव, कंबरेतून वाकू नकोस. संध्याकाळी मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की हॉस्टेलचा जिना कठड्याला धरून चढले.

त्या हॉस्टेलबद्दल बोलायलाच हवं. एका खोलीत दहा जण, हीटरवर सगळ्यांचे ओले मोजे, आणि रात्री दोन वाजता दिवा लावून सामान आवरणारी मंडळी. शनिवार-रविवारचा भाव ऐकून तर माझा संतापच झाला. पण स्वयंपाकघरात मी भाजणीची थालीपिठं लावली तेव्हा कोर्समधली तिघं ताटल्या घेऊन आली आणि एकाने स्वतःची सुपाची कढई माझ्याकडे सरकवली. त्या जागेची तेवढी एकच आठवण मला हवी आहे.

दुसऱ्या दिवशी शिकवायचं होतं. नवख्याला शिकवण्याचा इथला क्रम पक्का आहे: आधी बोर्डाची ओळख, मग सरकणं, मग ताबा, मग वळण, शेवटी लय. माझी पाळी आली आणि मी बोलत सुटले. बोर्डाची टाचेकडची कड म्हणजे काय, वजन कुठे, नजर कुठे. परीक्षकाने शांतपणे थांबवलं. "चार मिनिटं झाली. तुझे विद्यार्थी गारठलेत आणि अजून एकाचाही बोर्ड हललेला नाही."

मग त्याने सगळ्यांना उलट्या पायाने बोर्ड चालवायला सांगितलं. बोर्डावर आडवं उभं राहतात, एक पाय पुढे, एक मागे; मी डावा पाय पुढे ठेवते, आता उजवा. नवख्याला काय वाटतं ते आठवावं म्हणून. चार वर्षांचं शिकलेलं एका क्षणात गेलं. ज्या उतारावरून मी गाणं गुणगुणत उतरते, तोच मला कड्यासारखा दिसायला लागला. सरकायला लागले, बोटांकडची कड बर्फात रुतली आणि मी थेट तोंडावर आपटले. मनगट झणझणलं. उठून बसले, पण उभं राहायची हिंमत होईना. डोळ्यांत पाणी आलं होतं, गॉगलमुळे कुणाला दिसलं नाही.

माझी जोडीदार होती अठरा वर्षांची मुलगी. ती माझ्या खालच्या बाजूला येऊन उभी राहिली, डोंगराकडे तोंड करून, स्वतःच्या बोर्डाच्या बोटांकडच्या कडेवर. दोन्ही हात पुढे केले. "उठ. माझ्याकडे बघ, बोर्डाकडे नको." मी हात धरले. "पायाची बोटं वर घे, थांबशील. जरा सैल सोड, सरकशील." सैल सोडली. सरकले. वर घेतली. थांबले. असं तीनदा. मग म्हणाली, "आता उजव्या पायावर वजन टाक," आणि माझ्याबरोबर वळायला लागली. ती खाली, मी वर. बोर्ड क्षणभर सरळ उताराकडे झाला, पोटात गोळा आला, आणि पुढच्या क्षणी मी खाली, ती वर. अर्धी फुगडी! लहानपणी आजोळच्या अंगणात हात सुटेल की काय म्हणून घट्ट धरायचो ना, अगदी तसेच आमचे जाडजूड हातमोजे एकमेकांत अडकले होते.

इन्स्ट्रक्टरची जागा नवख्याच्या खालच्या बाजूला असते हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. पडलीस तर माझ्यावर पडशील, असं कुणी न बोलता सांगतं तेव्हा काय वाटतं, ते त्या उतारावर कळलं.

तिसऱ्या दिवशी मी चार वाक्यं बोलले आणि हात पुढे केले.

भारतातून विचारणाऱ्यांना एक कळकळीने सांगते. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नोकरी करता येते असं नाही. आमच्या गटातली ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन पोरं वर्किंग हॉलिडे व्हिसावर हिवाळाभर राबायला आली होती. भारतीय पासपोर्टला कॅनडाची ही सोय नाही. मी इथली कायमची रहिवासी आहे म्हणून मला अडचण आली नाही. हे मला मनापासून खटकतं, कारण गुलमर्गमध्ये बर्फावर वाढलेली पोरं आमच्यापेक्षा कितीतरी सरस असतील.

निकाल लागला: शिकवण्यात पास, रायडिंगमध्ये नापास. बोटांच्या कडेवरचं माझं वळण शेवटी घसरतं, तेवढा भाग पुन्हा द्यायचा आहे. परीक्षक गेल्यावर मी तडक लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिले. बंद व्हायला चाळीस मिनिटं होती.