रोजची भाकर, आज

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्या, हा निरोप रात्री उशिरा आला होता. मी तो वाचला पहाटे पावणेपाचला, पोहे निवडताना. माझा दिवस तेव्हाच सुरू होतो. इंदुरातल्या भंवरकुआच्या आसपास खोल्या घेऊन राहणाऱ्या, कोचिंगसाठी खरगोन, मंदसौर, पांढुर्ण्याहून आलेल्या मुलामुलींना मी अठरा वर्षे डबे देते आहे. सध्या बेचाळीस डबे आहेत, आणि त्यांतली दहा-बारा मुले सकाळी न्याहारीला घरीच येतात. शाळा सुटल्यापासून सलग दोन पाने काही लिहिलेले नाही. पण काय लिहायचे ते पोह्यांच्या चाळणीपाशीच ठरले.

आमच्या वर्गात ख्रिस्ती मी एकटीच. ते कुणी कधी जाणवू दिले नाही. नाताळात अर्धा वर्ग आमच्याकडे करंज्या खायला यायचा, आणि गणपतीत माझ्या वाटचा मोदक कुणी ना कुणी राखून ठेवायचेच. 

घरी दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना असे. एक गायन, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एखादा उतारा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. आजीचा एक दंडक होता. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही ओळ भरभर म्हणायची नाही. कुणी म्हटलीच, तर ती हात वर करून थांबवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची.

याचे कारण तिच्या आईपाशी होते. पणजी मध्य प्रांतातली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. घरातले कोण आधी गेले, कोण नंतर, हे तिला शेवटपर्यंत नीट सांगता आले नाही. पंडिता रमाबाई त्या दुष्काळी मुलखात फिरल्या आणि तिथल्या अनाथ मुलींना पुण्याकडे घेऊन आल्या, त्यांत ती होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ती वाढली, वाचायला शिकली, आणि पुढे तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला बसली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे पवित्र शास्त्र साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणत होत्या, आणि त्याची छपाई तिथल्या मुली-बायकांच्याच हातून होत होती. १९२२ साली रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ बाहेर आला तो १९२४ साली. आजी सांगायची, ‘भाकर’ शब्द आला की आई एकेक खिळा सावकाश उचलायची. भ, काना, क, र. ज्या मुलीने भाकरीवाचून माणसे जाताना पाहिली होती, तिला तो शब्द घाईने लावता येत नसे.

इंदूरला आल्यावर उपासना कधी मराठीत व्हायची, कधी हिंदीत. हिंदीत ती ओळ ‘हमारी दिन भर की रोटी आज हमें दे’ अशी आहे. सगळी मंडळी रोटी म्हणत असताना आजी माझ्या शेजारी हळूच भाकरच म्हणायची. ‘पोळी सणाची, भाकर रोजची,’ हे तिचे उत्तर.

मी नववीत असताना बाबांची मिल बंद पडली. बाबा विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. भोंगा वाजायचा थांबला, पण बाबा त्याच वेळेला उठायचे, दाढी करायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. आई शेजारणींच्या साड्यांना फॉल लावायला लागली. पहिले चार-पाच महिने कसेबसे गेले. सहामाहीच्या सुमाराला एका सकाळी मी पिठाचा डबा उघडून पाहिला आणि ‘आज पोटात दुखतंय’ असे सांगून उपाशीच शाळेत आले. फीही थकली होती. नोटिशीत आपले नाव येणार, या भीतीने मी रात्रभर जागी होते. प्रार्थनेला रांगेत उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

मराठीच्या बाईंनी ते पाहिले. खांद्याला धरून त्या मला शिक्षकखोलीच्या मागच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या, बाकावर बसवले आणि आपला डबा उघडला. पोहे होते, आपले इंदुरी. बडीशेप दिसत होती, वरची शेव जरा सादळली होती, जीरावन मसाल्याचा वास आला. मी मान खाली घालून ‘बाई, मला ते...’ असे काहीतरी सुरू केले. बाई म्हणाल्या, ‘आधी खा. मग बोलू.’

मी सगळा डबा संपवला. त्या दिवशी बाई काय जेवल्या असतील, हे त्या वयात मनातसुद्धा आले नाही.

मग बोललो. बाईंनी मिलबद्दल विचारले, आईबद्दल विचारले. फीचे पुढे काय झाले ते मला आजतागायत माहीत नाही. नोटिशीत नाव आले नाही एवढे खरे. उठता उठता त्यांनी विचारले, ‘तुम्ही घरी प्रार्थनेत काय म्हणता गं?’ मी सगळी प्रार्थना म्हणून दाखवली, भाकरीची ओळ आजीच्या दंडकाप्रमाणे सावकाश. बाई शेवटी मराठीच्याच बाई. म्हणाल्या, ‘एकाच वाक्यात रोजची आणि आज? भाकर रोजची, तर मग ती आज दे असं का मागायचं? विचार कर आणि मला सांग.’

ते उत्तर मी शाळेत असताना दिले नाही. मला ते फार हळूहळू मिळाले, आणि पहिला तुकडा तर दोनच आठवड्यांनी. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय होता. येशूचे सात शिष्य रात्रभर तिबिर्याच्या समुद्रावर जाळी टाकून रिकाम्या हाताने परत येताहेत. उजाडताना काठावर कुणीतरी उभा आहे, ओळखू येत नाही. तो विचारतो, मुलांनो, काही खायला आहे का? नाही म्हणतात. मग उजवीकडे जाळे टाका म्हणतो, आणि एकशे त्रेपन्न मोठे मासे लागतात. हा आकडा मला फार आवडतो, कारण कुणीतरी बसून ते मोजले आहेत. काठावर येऊन पाहतात तर विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, शेजारी भाकर. मरणातून उठलेला प्रभू त्यांना म्हणतो, ‘या, न्याहारी करा.’

त्यांच्यात पेत्र होता. काही दिवसांपूर्वी, येशूला पकडले त्या रात्री, अशाच कोळशाच्या विस्तवापाशी शेकत त्याने तीनदा म्हटले होते, मी त्याला ओळखत नाही. शुभवर्तमानात मुद्दाम लिहिले आहे की त्यांची न्याहारी झाल्यावर येशूने पेत्राला विचारले, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? तीनदा विचारले. पण न्याहारी झाल्यावर! आमच्या शिक्षिका धडा पुढे नेत होत्या आणि मी मात्र व्हरांड्यातल्या बाकावर होते. आधी खा, मग बोलू. हे मी कुठे ऐकले होते ते मला ठाऊक होते.

तेव्हापासून मी शास्त्र वाचताना ही जागा शोधत आले, आणि ती पुन्हा पुन्हा सापडते. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रतामाच्या झुडपाखाली पडला आहे, मला मरण दे म्हणतो आहे. देवदूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. ऊठ, खा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. झोपू देतात त्याला. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतात, कारण वाट लांबची आहे. खचलेल्या माणसाला काय द्यावे हे इतके नेमके सांगणारे दुसरे पान मला माहीत नाही. गेल्या वर्षी पीएससीचा निकाल लागला त्या दिवशी पांढुर्ण्याचा एक मुलगा न्याहारीला आला नाही. डबा दाराशी ठेवला तर तसाच. मी दुपारी त्याच्या खोलीवर गेले. दार उघडले, पुन्हा जाऊन पडला. मी वरण-भात कालवून ताट पुढे ठेवले आणि खुर्चीत बसून राहिले. पाऊण तासाने त्याने खाल्ले. रात्री पुन्हा नेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आपणहून आला आणि म्हणाला, ‘मावशी, आज जिलबी आहे का?’ मी त्याला एलीयाची गोष्ट सांगितली ती पुढे केव्हातरी, त्याने विचारले तेव्हा.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना अरण्यात पहाटे दवाबरोबर काहीतरी पांढरे पडलेले दिसले. ते एकमेकांना विचारू लागले, हे काय? हिब्रूत, ‘मान हू?’ त्यावरूनच त्याचे नाव मान्ना पडले. ज्याने त्याने आजच्यापुरते वेचायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही. ज्यांनी ठेवले त्यांच्या मान्नात किडे पडले. बाई, म्हणून दोन्ही शब्द. देणारा रोजचा आहे, पण मिळते ते आजच्यापुरते. उद्याचे उद्या पुन्हा मागायचे, म्हणजे उद्या पुन्हा त्याच्यापाशी जायचे. मिल बंद पडल्यानंतरची सहा वर्षे आमचे घर असेच चालले. महिन्याचे सामान आम्ही कधी भरू शकलो नाही, आणि एकही दिवस चूल विझलेली राहिली नाही. आई तेव्हा गुणगुणायची. तिला आनंदाने गाताना मी सगळ्यात जास्त त्या सहा वर्षांत ऐकले आहे.

आनंदाविषयी एक सांगायला हवे. लोकांना वाटते, श्रद्धा असली की मन कायम प्रसन्न राहते. तसे नाही. मी रोज बायबलमधली पाच स्तोत्रे वाचते, म्हणजे दीडशे स्तोत्रे महिन्यात पुरी होतात. त्यांत रडणारी आहेत, भांडणारी आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी एक दिलाशाची ओळसुद्धा नाही. बाबा गेले त्या महिन्यात मला फक्त तेच वाचवत होते, आणि ते शास्त्रात आहे याचाच मोठा आधार वाटला. माझ्या आधी कुणीतरी देवाशी असे बोलले होते आणि त्याने ते ऐकून घेतले होते. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा’ हे प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या ख्रिस्ती मंडळीला कैदेतून लिहिले आहे. तो सुखात बसून कुणाला हसायला सांगत नव्हता. ही ओळ मी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर खडूने लिहिली आहे. वाफेने पुसट होते. मी पुन्हा लिहिते.

शाळेने मला दोन कामे सांगितली आहेत. हे लेखन हे एक. दुसरे म्हणजे, महोत्सवाच्या दिवशी सकाळची न्याहारी माझ्याकडे आहे. वीस किलो पोहे लागतील. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर वाफेवरच ठेवायचे, म्हणजे शेवटच्या माणसालाही गरम आणि मऊ मिळतील. शेव ऐनवेळी घालायची. भाषणे साडेनऊला आहेत. मी समितीला सांगून न्याहारी त्याआधी, साडेसातला घ्यायला लावली आहे.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. येणार आहेत असे कळले. त्यांना तिखट सोसत नाही हेही कळले. बाई, तुमची बशी मी वेगळी काढून ठेवीन, जीरावन कमी घालून. उत्तर तयार आहे. आधी खाऊ, मग बोलू.